मी जेवून राहिली

आमच्या घरी सिनेमाची गोष्ट कुणी विचारत नसे. रविवारी संध्याकाळी बाबा आणि मी चित्रपट मंडळाचा खेळ बघून सायकलवर डबलसीट नंदनवनला परतलो, की कणीक तिंबता तिंबता आई एकच विचारायची, "काय खाल्लं वं त्याईनं आज?" नायक मेला की जगला, नायिकेनं शेवटी कुणाचा हात धरला, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून. आठवडाभर फायलींत मान घालून बसायचे आणि रविवारी परदेशी सिनेमावर जगायचे. ते चिडायचे. "अवं, इतकी मोठी कलाकृती पाहून आलो आमी, अन् तू खाण्याचं विचारून राहिली!" आई शांतपणे म्हणायची, "मंग? माणसंच होती ना त्याच्यात? का जेवत नाई थे?" बाबा हातपाय धुवायला मोरीत निघून जात आणि मी आईजवळ पाटावर बसून सगळं सांगत असे.

त्यामुळे चांगली म्हणा, वाईट म्हणा, मला एक खोड लागली. पडद्यावर दोन माणसं प्रेमानं व्याकूळ होऊन भांडत असली, तरी माझं लक्ष त्यांच्यामधल्या टेबलावर. कशात काय वाढलंय, कोण पुन्हा घेतंय, कुणी नुसतंच चिवडतंय. आणि फ्रेंच सिनेमात तर ही माणसं सारखी जेवत असत. भांडण झालं की जेवायला बसत, मयतीहून आले की जेवायला बसत. हातभर लांब पाव काखेत धरून रस्त्यानं चालत. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचे हात कणकेतच थांबले. "काखेत? अन् थोच पाव खाते मंग?" "हाव, नुसताच. तोडून तोडून." "चटणी नाई? रस्सा नाई?" "नाई." आईनं बिचाऱ्या फ्रेंचांसाठी एक सुस्कारा सोडला आणि गोळाभाताच्या कढईवर झाकण ठेवलं.

मंडळाचे खेळ एका कॉलेजच्या सभागृहात होत. वर पत्र्याचं छप्पर, दारं-खिडक्यांना काळे पडदे, मागे यंत्राची खडखड. एप्रिल-मेमध्ये आत बसणं म्हणजे शिक्षा होती. पंखे गरम हवाच खाली ढकलायचे आणि समोर पडद्यावर बर्फ पडत असायचा. मी घामानं चिकट झालेला फ्रॉक पाठीपासून सोडवत त्या बर्फाकडे बघत बसे. एखादी म्हातारी दारातून ओरडायची, "आ ताब्ल!" आणि घरातून, बागेतून, जिन्यावरून सगळे टेबलाशी गोळा व्हायचे. जवळजवळ प्रत्येक सिनेमात ही हाक यायची. तिचा अर्थ कुणी सांगायची गरज पडली नाही. आमच्या गल्लीतही दिवेलागणीला अशीच हाक ऐकू येई, फक्त शब्द वेगळे. मला त्या हाकेनं दरवेळी काटा यायचा. वाटायचं, ही मलाच का नाही मारत?

खालच्या इंग्रजी ओळी वाचायचं माझं वय नव्हतं, म्हणून बाबा त्या माझ्या कानात मराठीत सांगायचे. मराठीत म्हणजे आमच्या मराठीत. पांढऱ्या हातमोज्यांतली ती गोरी बाई खिडकीतून बाहेर बघत काहीतरी नाजूकपणे पुटपुटायची आणि माझ्या कानात बाबा म्हणायचे, "थे म्हणून राहिली, मले एकटीले सोडून तू काहून चालला गा?" मागच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" करायचं. त्यामुळे माझ्या लेखी फ्रान्सातली सगळी माणसं नागपुरी बोलत. पुढे मोठी झाले, इंग्रजी वाचता येऊ लागलं, तरी हे डोक्यातून गेलं नाही. आजही फोनवर नातीबरोबर एखादा फ्रेंच सिनेमा बघताना माझ्या कानात बाबांचाच आवाज चालू असतो. नात म्हणते, आजी, तू हसतेस कशाला, हा सीन रडायचा आहे.

कॉलेजात गेल्यावर मी फ्रेंच शिकायला लागले. शिकवणारे सर पाँडिचेरीचे, रेल्वेच्या नोकरीपायी नागपुरात आलेले, निवृत्तीनंतर घरीच वर्ग घेत. भाषा त्यांची फार सुंदर आणि चीड फार लवकर यायची. एकदा मी विचारलं, "सर, 'मी जेवते' झालं, पण 'मी जेवून राहिली आहे' हे कसं म्हणायचं? आत्ता, या घडीला?" ते म्हणाले, फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच. मला ते पटेना. रोज जेवणं वेगळं आणि आत्ता ताटावर बसलेलं असणं वेगळं. एवढ्या जेवणाऱ्या लोकांना एवढा साधा फरक कळू नये? सरांनी डोळे मिटून घेतले आणि पुढचा धडा काढला. 'राहणे' म्हणजे 'रेस्ते', हे मात्र मी त्याच आठवड्यात शब्दकोशात शोधून पाठ करून टाकलं.

आणि एके दिवशी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. फ्रान्समधल्या एका छोट्या गावात दर उन्हाळ्यात सिनेमाचा मेळा भरतो, देशोदेशीच्या मंडळांतल्या तरुणांना बोलावतात, जाण्यायेण्याचं तेच बघतात. यंदा एक जागा आपल्या मंडळाच्या वाट्याला आली आहे आणि फ्रेंच येणारं आपल्याकडे दुसरं आहे कोण? बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. ते रडत होते हे आईनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "कोण्या बाईच्या घरी राहाचं हाय म्हणता? जेवाले देईन का थे पोरीले?" सेक्रेटरींच्या हातातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: खोली, सकाळची कॉफी, दुपारचं जेवण शाळेत, रात्रीचं आपलं आपण. बाबांनी आतूनच उत्तर दिलं, "देईन ना, काहून नाई देईन?" त्या एका वाक्यावर मला परवानगी मिळाली. सामानात आईनं भिवापुरी तिखटाची पुडी तीन पदरी बांधून दिली, सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या दिल्या, त्या दिल्लीच्या पुढे टिकल्या नाहीत.

पॅरिसमध्ये मला एकच दिवस मिळाला. तो मी जवळजवळ पूर्ण फुटपाथवर उभी राहून काढला. काय बघू न् काय नको. दगडी इमारती, त्यांचे करडे पत्रे, नदीवरचे पूल, सगळं ओळखीचं, फक्त आता त्याला रंग होता. मी पाहिलेले बहुतेक सिनेमे काळे-पांढरे, त्यामुळे दारं निळी असतात हे मला माहीतच नव्हतं. आणि हॉटेलांबाहेरच्या खुर्च्या! आपल्याकडे दोन माणसं चहा प्यायला बसली की समोरासमोर बसतात. इथे सगळ्या खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे, ओळीनं. लोक कॉफी घेऊन बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे चक्क सिनेमा बघावा तसे बघत होते. मी रस्त्यानं चालले होते, म्हणजे काही पावलं मीही त्यांच्या सिनेमात होते. छाती अशी भरून आली की मी एका झाडाला टेकले. एका गृहस्थानं थांबून विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, फार बरं वाटतंय.

गावात पहिल्याच सकाळी पावाच्या दुकानात गेले. नागपुरात इतवारीच्या बाजारात दुकानाची पायरी चढताचढताच भाव विचारायची आपली रीत. मी तसंच, आत शिरत बोट दाखवून पाव मागितला. दुकानदारीण म्हणाली, "बोंझूर, मादम्वाझेल." मी पुन्हा पाव मागितला. ती पुन्हा म्हणाली, "बोंझूर." आवाज तोच, भुवया जरा वर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी बोंझूर म्हटलं, तशी तिनं इतका सुंदर हसून मला पाव दिला, की जणू आत्ताच मी दुकानात आले. पाव गरम होता. दुकानाबाहेर येऊन मी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग तो काखेत धरला. कपड्यांतून त्याची ऊब लागत होती. मी तशी गावभर फिरून आले, काही काम नसताना.

माझी घरमालकीण मादाम ब्रुने. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. आमची देखरेख करणारी क्लेर नावाची एक तरुण शिक्षिका होती, तिला इंग्रजी येत असे. तिनं मला दारात सोडतानाच बजावलं, "मादाम जेवण देत नाही, वाईट वाटून घेऊ नको. तिचा नवरा गावच्या थिएटरात यंत्र चालवायचा आणि ही खाली तिकिटं द्यायची. शेवटचा खेळ सुटला की दोघं घरी येऊन टेबलावर बसून निवांत जेवायची, हे साऱ्या गावाला माहीत. तो गेला तेव्हापासून ती टेबलावर बसलेली नाही." स्वयंपाकघरात ते टेबल मी पाहिलं. त्याच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, इस्त्रीचे कपडे, रिकाम्या बरण्या, एक शिलाईचं यंत्र. लाकूड कुठे दिसतच नव्हतं. मादाम चुलीपाशी उभ्या उभ्याच, पातेल्यातूनच चमच्यानं खायची. वरच्या खोलीत मला तो चमचा पातेल्याला लागल्याचा आवाज यायचा.

आणि वर मी जमिनीवर बसून पाव, टोमॅटो आणि भिवापुरी तिखट खायची. मला तक्रार करायची नाही. दुपारी शाळेत पोटभर मिळायचं, दिवसभर सिनेमे बघायचे आणि ते सिनेमे काय होते! पण खरं सांगते, माझा जीव एका गोष्टीसाठी तळमळत होता. ज्या टेबलाकडे मी इतकी वर्षं पत्र्याखाली बसून बघत होते, त्याच्या एका कडेला एकदा तरी बसायचं होतं. खायला काहीही असो. त्या देशात येऊन, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर मी होते, आणि टेबल खाली बरण्यांखाली गाडलेलं. मागायचं कुणाकडे? आमच्या घरचा शिरस्ता असा, की पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि पाहुण्यानं पुरे पुरे म्हणायचं. आपण होऊन जेवायला मागणं ही गोष्ट आमच्याकडे बसतच नाही.

एका संध्याकाळी मी अशीच पावाचा घास तोंडात घेऊन बसले होते. तिकडे उन्हाळ्यात जेवणाच्या वेळीही लख्ख उजेड असतो, हे मला शेवटपर्यंत अजब वाटत राहिलं. मादामनं जिन्याखालून विचारलं, बाहेर जाणार का? बहुधा दाराला कुलूप लावायचं होतं. मला म्हणायचं होतं, नाही, मी जेवते आहे. नुसतं 'जेवते' पुरेना. मी आत्ता जेवून राहिली होते, घास तोंडात होता. आणि पाठ केलेला 'रेस्ते' ऐन वेळी धावून आला. मी मोठ्यानं म्हटलं, "नों मादाम, झ रेस्त मांझे!"

खालून काहीतरी ओढल्याचा आवाज, बरण्या वाजल्याचा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे जमिनीवर पडल्याचा. मला वाटलं आवराआवर चालली आहे. मी दुसरा घास मोडला. बराच वेळ गेला. कांदा लोण्यात परतल्याचा वास जिन्यानं वर आला. आणि मग खालून हाक आली.

"आ ताब्ल!"

हातातला पाव तसाच राहिला. मी दाराकडे गेले, वाकून पाहिलं, कोण पाहुणे आले आहेत म्हणून. कुणीही नव्हतं. मादाम जिन्याच्या पायथ्याशी उभी होती, ॲप्रनला हात पुसत, थोडी घुश्शात, सगळ्या सिनेमांतल्या सगळ्या म्हाताऱ्या उभ्या राहतात तश्शी. तिच्यामागे स्वयंपाकघरात टेबल दिसत होतं, पूर्ण मोकळं, निळ्या चौकटींचं मेणकापड घातलेलं, आणि त्यावर दोन बश्या. मी जिना उतरले आणि तिनं बोटानं दाखवलेल्या खुर्चीवर बसले.

त्या पहिल्या रात्री मी काय काय चुका केल्या ते विचारू नका. पाव बशीत ठेवला, तिनं उचलून मेणकापडावर ठेवला. पावाला बशी नसते. आम्लेट मध्ये ओलं होतं, मला वाटलं कच्चं राहिलं, बिचारीला नीट दिसत नसेल. मग खाल्लं. असं अंडं मी जन्मात खाल्लं नव्हतं. बाहेरून रेशमी घडी, आत जेमतेम धरलेलं, कांद्याच्या गोडीनं ओथंबलेलं. मग हिरव्या पाल्याची कोशिंबीर, तीही शेवटाकडे, आंबट तेलात घोळलेली. मी म्हटलं, झालं जेवण. नाही. मग चीज आलं. त्याचा वास आला आणि मी श्वास रोखला, पण तिनं माझ्याकडे अशा अपेक्षेनं पाहिलं की मी डोळे मिटून खाल्लं. आणि तोंडात तो वास हळूहळू चव झाला. शेवटी एक पीच, सुरीनं सोलून, अर्धं तिला, अर्धं मला. एकेक गोष्ट एकेकटी यायची, आपल्या ताटासारखी सगळी एकदम नाही, आणि प्रत्येकीच्या वेळी दुसरं काही नसायचंच. सिनेमात मी हे शेकडोदा पाहिलं होतं, पण दोन पदार्थांमध्ये जे थांबणं असतं, ते कधी दिसलं नव्हतं. सिनेमावाले तेवढं कापून टाकत असावेत.

दुसऱ्या दिवशी तिनं जिन्याखालून विचारलं, "वू रेस्ते मांझे?" मला काय आनंद झाला! बाई माझ्यासारखंच बोलत होती. जेवून राहिली का, असं आपुलकीनं विचारत होती, आमच्या गल्लीतल्या बायका दारावरून जाता जाता विचारतात तसं. मी म्हटलं, "वी मादाम, झ रेस्त मांझे," आणि खाली टेबल मांडलेलं होतं. मग हे रोजचंच झालं. मी मनात म्हटलं, सरांना नागपूरला गेल्यावर सांगायचं, अहो, चांगले म्हणतात की हे लोक!

जेवताना मादाम माझं फ्रेंच धुवून काढायची. पाव पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी, मी उलट म्हटलं की ती घास थांबवून, बोट वर करून, बरोबर वाक्य म्हणायची आणि ते माझ्याकडून वदवल्याशिवाय पुढचा घास घ्यायची नाही. दया म्हणून नाही. चुकीचं फ्रेंच तिला ऐकवतच नसे, आमच्या सरांची थोरली बहीण शोभली असती. मी तिला दिवसभरातला सिनेमा सांगायची. थिएटरात ती पाऊल ठेवत नव्हती, पण विचारायची मात्र बारीक. पडदा स्वच्छ होता का? रीळ बदलताना चित्र हललं का? लोक शेवटपर्यंत बसले का? बसत होते. तिथे खेळ संपला तरी शेवटचं नाव सरकेपर्यंत कुणी उठत नसे, आणि मग अख्खं गाव चौकात उभं राहून त्या सिनेमावरून असं भांडे, की घरच्या लग्नाचा मामला असावा. मी तिला भिवापुरी तिखट दाखवलं. तिनं लोणी लावलेल्या पावावर ते भुरभुरलं, खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा भुरभुरलं. तिनं माझ्या पेल्यात बोटभर वाइन ओतून वर पाणी घातलं, ती मी प्यायले. हे बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

खरं तर इथेच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण मी आनंदाच्या भरात क्लेरला सांगितलं. चौकात दगडी कारंज्याच्या कडेवर बसलो होतो. म्हटलं, मादाम मला रोज जेवायला बसवते, फार प्रेमळ आहे. क्लेरचा विश्वास बसेना. "मादाम ब्रुने? तिनं स्वतः बोलावलं?" मी जसंच्या तसं सांगितलं, जिन्याखालचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. क्लेर हसायला लागली, हसता हसता तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "अगं, 'झ रेस्त मांझे' म्हणजे 'मी जेवायला थांबते'! 'मी जेवते आहे' नाही. तिनं विचारलं बाहेर जाणार का, आणि तू म्हणालीस, नाही, मी तुमच्याकडेच जेवणार! तिला मग मांडणं भागच होतं!"

ती अजून हसत होती. मला कारंज्यात उडी घ्यावीशी वाटली. इतके दिवस मी त्या विधवा बाईच्या घरी आपण होऊन, ओरडून, जेवायला मागत होते. ती जेवण देणार नाही, हे मला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. तिच्या मनात नसताना तिच्याकडून ते टेबल मी रिकामं करून घेतलं. आई असती तर तिनं त्या जागी जमीन दुभंगायची वाट पाहिली असती. लाज वाटली आणि तिच्या जोडीला दुःखही, कारण आता ते टेबल गेलं होतं. फसवून मिळालेल्या खुर्चीवर पुन्हा बसायचं कोणत्या तोंडानं?

त्या संध्याकाळी मादामनं नेहमीसारखं विचारलं, "वू रेस्ते मांझे?" आता मला प्रश्न कळत होता. मी वरूनच म्हटलं, "नों, मेर्सी, मादाम." आणि दार लावून घेतलं. पाव आणलेला होता, तो कागदात गुंडाळून ठेवला. खिडकीतून उजेड तसाच लख्ख येत होता. खाली भांड्यांचे आवाज थांबले. मग जिना वाजू लागला, एकेक पायरी. ती वर कधी येत नसे, तिचे गुडघे दुखत. दारावर टकटक झाली.

ती आत आली आणि पलंगावर बसली. आजारी आहेस का? नाही. बाहेर जेवलीस? नाही. मग काय? मी रडत, अडखळत, लिंगांची पार खिचडी करत तिला सगळं सांगितलं. की माझी चूक झाली. मी जेवण मागितलं नव्हतं. आमच्या गावात माणूस जे करत असतो, त्यात तो 'राहतो', असं आम्ही बोलतो. मी जेवून राहिली, म्हणजे मी आत्ता जेवते आहे. मी फक्त तेवढंच सांगत होते. तुम्हाला त्रास दिला, मला क्षमा करा.

आश्चर्य म्हणजे तिनं एकही चूक दुरुस्त केली नाही. ती विचार करत होती. मग म्हणाली, "पाऊस पडत असेल तर?"

"पाऊस पडून राहिला."

"लहान मूल झोपलेलं असेल?"

"झोपून राहिलं."

"आणि कुणी जात असेल, निघून?"

"जाऊन राहिला," मी म्हटलं आणि शब्दशः फ्रेंचमध्ये तिला अर्थ सांगितला, की जाणारासुद्धा आमच्याकडे जाण्यात राहतो.

ती खिडकीकडे बघत होती. "म्हणजे तुमच्याकडे," ती सावकाश म्हणाली, "जाणारेही राहतात." मी मान हलवली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, बाहेर पडली आणि जिना उतरून गेली. दार उघडंच होतं. मी ऐकत बसले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तिची. मग काहीच नाही. चमचा नाही, बशी नाही. मला वाटलं, संपलं सगळं. आता ती उठेल आणि सगळ्या बरण्या परत टेबलावर ठेवेल.

मग तिचा आवाज आला. ही बाई, जी चुकलेल्या लिंगावर घास थांबवायची, जिनं साठ-पासष्ट वर्षांत एक वाक्य वाकडं उच्चारलं नसेल, ती खालून, सगळ्या शेजाराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, धडधडीत चुकीचं फ्रेंच बोलली.

"झ रेस्त आतांद्र!"

म्हणजे, 'मी वाट पाहून राहिली.' मी अनवाणीच जिन्यावरून धावत खाली गेले.